दोन किनाऱ्यांची दोन खोकी

स्पीकरच्या वूफरच्या, म्हणजे खालचे सूर (बेस) वाजवणाऱ्या मोठ्या गोल भागाच्या, कडेला सहज बोट लावलं, तर बोटाला काळा चिकट भुगा आला. स्पीकर चाळीस वर्षांपूर्वीचे, माळ्यावर चादरीत गुंडाळून ठेवलेले, वरचं लाकूड अजून चकचकीत. पण कागदी कोन (हलून आवाज काढणारा शंकूसारखा पडदा) आणि पत्र्याची चौकट यांना जोडणारी फोमची गोल पट्टी मुंबईच्या दमट हवेनं खाऊन टाकली होती. पॉलियुरेथेन फोमचं असंच होतं. हवेतला ओलावा आणि ऑक्सिजन त्याच्या लांबलचक रेणूंचे तुकडे पाडत राहतात, मग स्पीकर वाजवा नाहीतर माळ्यावर ठेवा. तरी मी ते जोडून वाजवले. (तुम्ही असं करू नका, कोन तिरका झाला की आतली कॉइल घासते.) घरी आलेला मित्र म्हणाला, "जुन्या स्पीकरांचा आवाज कसा मोकळा असतो बघ!" मोकळा कसला, फाटका होता तो.

तेव्हापासून 'जुन्या अमक्यापेक्षा तमक्याचा आवाज गोड' असं कुणी म्हटलं, की मी विचारतो : आज ऐकलास तो, की १९७० साली दुकानात होता तो?

जुन्या स्पीकरांतलं सगळ्यात गाजलेलं भांडण अमेरिकेतलं आहे, पूर्व किनारा विरुद्ध पश्चिम किनारा. पूर्वेला मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजमध्ये एडगर विल्चर आणि त्यांचा विद्यार्थी हेन्री क्लॉस यांनी १९५४ मध्ये अकूस्टिक रीसर्च, म्हणजे एआर, ही कंपनी काढली. त्याआधी खोल बेस हवा असेल तर कपाटाएवढं खोकं घरात घ्यावं लागे. कोन मागेपुढे हलला की त्याला परत जागेवर आणायला स्प्रिंग लागते. ते काम तोवर कोनाच्या ताठ कडा करत. ताठ कड थोडी हलली तर बरी, जास्त हलली की अडते, आणि आवाज बिघडतो. विल्चरनी कड मुद्दाम सैल ठेवली आणि खोकं हवाबंद केलं. सायकलच्या पंपाच्या तोंडाशी बोट धरून दांडा दाबून बघा. आत कोंडलेली हवा हाताला उलट ढकलते. तीच हवा कोनाची स्प्रिंग झाली, आणि ती कापडी कडेपेक्षा कितीतरी सरळ वागते. खोकं पुस्तकांच्या फळीवर मावू लागलं.

फुकट काहीच मिळत नाही. क्लॉस यांनी पुढे काढलेल्या केएलएच कंपनीतले 'एच' म्हणजे हॉफमन. त्यांच्या नावानं एक नियम सांगितला जातो : खोल बेस, लहान खोकं आणि थोड्या वॅटमध्ये मोठा आवाज, या तिनांतले कुठलेही दोनच मागा. १९६७ चा एआर-३ए पहिल्या दोघांवर समाधानी होता. त्यामुळे तो अँपचा (अँप्लिफायरचा) घाम काढी.

पश्चिमेला, लॉस एंजेलिसकडे, जेबीएलनं १९७० मध्ये एल-१०० आणला. हा त्यांच्या ४३१० या स्टुडिओ मॉनिटरचा (रेकॉर्डिंग तपासायच्या स्पीकरचा) घरगुती भाऊ. बारा इंची वूफर, खोक्याला भोक. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जशी ती घुमते, तसं हे भोक बेसला हात देतं. गंमत म्हणजे वूफर थेट अँपला जोडलेला, मध्ये सूर गाळणारा फिल्टरच नाही. मधल्या सुरांचा मिड आणि वरच्या सुरांचा ट्वीटर, या दोघांना तेवढे कपॅसिटर (खालचे सूर अडवणारे विजेचे भाग). पुढे चौकड्यांची नारिंगी फोमची जाळी (तीही यथावकाश झडली). ड्रम, गिटार आणि गायकाचा गळा त्यात अंगावर येतो. एआरवर तोच गायक दोन पावलं मागे सरकून उभा राहिल्यासारखा वाटतो.

या वाटण्यामागे थोडं भौतिकशास्त्र आहे. १०,००० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी साडेतीन सेंटिमीटरच्या आत. ध्वनी काढणारा पडदा त्याहून बराच लहान असेल तर आवाज खोलीभर पसरतो, तेवढाच किंवा मोठा असेल तर टॉर्चसारखा समोर पडतो. एआर-३एचा ट्वीटर पाऊण इंची घुमट, एल-१००चा सुमारे दीड इंची कागदी कोन. एकाचा आवाज भिंतींवरून फिरून येतो, दुसऱ्याचा सरळ तुमच्याकडे.

आता दोघं शेजारी ठेवा, अँपचं बटण न हलवता आलटून पालटून लावा. एल-१०० जिंकणार, कारण तेवढ्याच वॅटमध्ये तो जास्त मोठ्यानं वाजतो. ३ डेसिबलचा फरक भरून काढायला दुप्पट वॅट लागतात. आणि जास्त मोठा आवाज आपल्याला 'मोठा' न वाटता 'चांगला' वाटतो, कारण हळू आवाजात कान बेस आणि वरच्या सुरांकडे दुर्लक्ष करतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच त्याचे आलेख काढले होते. अर्ध्या-एक डेसिबलचा फरकही 'हा जास्त स्पष्ट' असं म्हणायला लावतो. म्हणून आधी दोन्हीवर पिंक नॉइज (प्रत्येक सप्तकात सारखी ताकद असलेली खरखर) लावून बसायच्या जागेवर मीटरनं आवाज जुळवायचा, मग गाणं. घरोघरच्या तुलनांमध्ये हे बहुतेक कुणी करत नाही.

डोळेही लुडबूड करतात. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ मध्ये हर्मन कंपनीत (जेबीएल तिचीच) चाळीस जणांना चार स्पीकर एकदा पडद्याआड आणि एकदा उघड्यावर ऐकवले. मंडळी कंपनीतलीच, म्हणजे काही अडाणी नव्हेत. उघड्यावर मोठ्या, महागड्या स्पीकरांचे गुण वाढले, लहानशा स्वस्ताचे घसरले. शिवाय पडद्याआड स्पीकरची जागा बदलली की त्यांना कळायचं. दिसत असताना तेच कान जागेचा फरक जवळजवळ विसरले.

आणि जागेचा फरक प्रचंड असतो. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत साधारण ४७ आणि ५६ हर्ट्झचे सूर भिंतींमध्ये अडकून घुमतात. भिंतीला टेकून बसलात तर बेस दणदणीत, मधोमध खुर्ची टाकलीत तर तोच गायब. काळी एकच्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे या दोन घुमणाऱ्या सुरांच्या थोडा वर. म्हणून तानपुरा बरा वाजला एवढ्यावरून बेसचा निकाल देऊ नका. शिवाय खर्जाचा मूळ सूर स्पीकरनं गिळला, तरी वरच्या हार्मोनिक्सवरून (मूळ सुराच्या पटीतल्या सुरांवरून) मेंदू तो स्वतःच भरून घेतो.

वयाचं राहिलंच. एआर-३एच्या पाठीला मिड आणि ट्वीटर कमी-जास्त करायच्या दोन फिरक्या आहेत. वर्षानुवर्षं न फिरवल्या की आतला संपर्क गंजतो आणि ट्वीटर जेमतेम कुजबुजतो. 'एआर म्हणजे मऊ, झोपाळू आवाज' या कीर्तीत या गंजाचा वाटा किती, असा मला दाट संशय आहे. नवा असताना हा वंश काही झोपाळू नव्हता. आधीच्या एआर-३ला कंपनीनं फाइन आर्ट्स क्वार्टेट या चार तंतुवादकांच्या संचाशेजारी मंचावर ठेवलं होतं. वादक मध्येच नुसते गज फिरवत, आवाज स्पीकरमधून येई, आणि बहुतेक श्रोत्यांना बदल कळत नसे. स्पीकरची तुलना दुसऱ्या स्पीकरशी न करता थेट व्हायोलिनशी करायची, ही मला आजही सगळ्यात प्रामाणिक परीक्षा वाटते, जाहिरात असली तरी.

माझ्या जोडीला नवी पट्टी बसवून आणली. कपॅसिटर बदलले, आवाज मीटरनं जुळवला, खुर्ची भिंतीपासून हातभर पुढे घेतली. परवा तोच मित्र आला. पाच मिनिटं डोळे मिटून ऐकत बसला आणि म्हणाला, "मागच्या वेळी जास्त मोकळा होता रे."