रक्तशर्करान्यूनता आणि श्वसननियंत्रण

रक्तातील ग्लुकोज १०० मिलिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली गेले की रक्तशर्करान्यूनता मानतात. ५४ च्या खालची पातळी गंभीर.

श्वासाची लय लंबमज्जेतील, म्हणजे मेंदूच्या तळाच्या भागातील, चेतापेशी ठरवतात. त्यांना खबर देणारा एक प्रमुख संवेदक म्हणजे कॅरॉटिड पिंड. गळ्याच्या दोन्ही बाजूंना मुख्य धमनी जिथे दुभागते, तिथे हा तांदळाच्या दाण्याएवढा पेशीपुंज असतो. श्वसनातील त्याच्या कार्याच्या शोधासाठी बेल्जियमचे कॉर्नेय हेमान्स यांना १९३८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पिंड मुख्यतः रक्तातला ऑक्सिजन जोखतो, पण साखर उतरल्यावरही चेततो. इन्सुलिनने साखर उतरवली की मिनिटागणिक श्वासावाटे जाणारी-येणारी हवा वाढते. पिंडाच्या चेता तोडलेल्या उंदरांत ती तशी वाढत नाही. पिंड ग्लुकोजची घट थेट ओळखतो की त्या वेळी स्रवणारे ॲड्रेनालीन त्याला चेतवते, यावर मतभेद आहेत. बीटा-रोधक, म्हणजे ॲड्रेनालीनचा परिणाम अडवणारे औषध, दिलेल्या उंदरांत ही वाढ होत नाही, त्यामुळे ॲड्रेनालीनची बाजू वजनदार वाटते. या अवस्थेत शरीरात कार्बन डाय-ऑक्साइड जास्त तयार होतो आणि वाढलेला श्वास तो बाहेर टाकतो.

ही वाढ सहसा नजरेला दिसत नाही, म्हणून श्वासावरून निदानाची वाट पाहू नये. घाम, थरथर, भूक, चिडचिड आधी येतात. कोकणात मे महिन्याच्या दमट उकाड्यात, बागेत किंवा होडीवर, सुटलेला घाम उन्हावर ढकलला जातो, हा खरा धोका. एकादशीचा किंवा हरतालिकेचा उपास धरून ग्लिमेपिराइड ही मधुमेहावरची, साखर उतरवणारी गोळी नेहमीसारखी घेतल्यानेही साखर कोसळते.

शुद्ध हरपल्यावर जीभ मागे पडून घोरल्यासारखा आवाज येतो, उलटी फुफ्फुसात जाऊ शकते. पुढे श्वास उथळ होत जातो. नवजात बाळात श्वास मध्येच थांबणे हेच लक्षण असू शकते. खोल, वेगवान श्वास आणि तोंडाला फळासारखा वास मात्र साखर वाढून झालेल्या कीटोआम्लतेकडे (रक्तात कीटोन नावाची आम्ले साठण्याकडे) बोट दाखवतो.

रुग्ण शुद्धीवर असेल तर १५ ग्रॅम, म्हणजे तीन लहान चमचे साखर पाण्यातून द्यावी. साखरेचे कोकम सरबत चालते. सोलकढी चालत नाही, पेलाभर शहाळ्याचे पाणीही पुरत नाही. १५ मिनिटांनी साखर मोजावी, ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच द्यावी, मग भात किंवा भाकरी. बेशुद्धाच्या तोंडात काहीही घालू नये; त्याला कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा. रुग्णालयात शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोज, देतात. शीर मिळाली नाही तर स्नायूत १ मिलिग्रॅम ग्लुकॅगॉन, हे साखर वाढवणारे संप्रेरक. ग्लिमेपिराइडचा परिणाम बराच काळ टिकत असल्याने साखर पुन्हा उतरू शकते. त्यामुळे, विशेषतः मूत्रपिंड कमजोर असलेल्या वृद्धांना, शुद्धीवर आल्याबरोबर घरी न नेता निदान २४ तास देखरेखीखाली ठेवावे.