एकाच बोर्डावर दोन बिऱ्हाडं

रास्पबेरी पाय 4 या एका बोर्डाच्या छोट्या संगणकावर 64-बिट लिनक्स सुरू होताना पडद्यावर भराभर ओळी सरकतात. त्यांतली एक मी दर वेळी शोधतो: ‘हाइप मोड इनिशियलाइझ्ड सक्सेसफुली’. ती दिसली की समजायचं, क्रेडिट कार्डाएवढ्या या बोर्डावर आता व्हर्च्युअल मशीन नीट चालेल. म्हणजे एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक, स्वतःचं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, घेऊन.

अनेकांना वाटतं, हे मोठ्या सर्व्हरचं काम. पण इथे प्रश्न ताकदीपेक्षा अधिकाराचा जास्त आहे. प्रत्येक कर्नल स्वतःला हार्डवेअरचं मालक समजतं. दोन मालक एका घरात नांदवायचे तर दोघांच्या वर कुणीतरी हवं; त्यालाच हायपरव्हायजर म्हणतात, ओळीतला ‘हाइप’ तोच. प्रोसेसरची रचना करणाऱ्या एआरएम कंपनीने 2010 साली जाहीर केलेल्या कॉर्टेक्स-ए15 मध्ये ती वरची पायरी प्रोसेसरमध्येच आली. आजच्या 64-बिट चिपमध्ये अॅप ईएल-0 या अधिकाराच्या सर्वांत खालच्या पायरीवर, कर्नल ईएल-1 वर आणि हायपरव्हायजर ईएल-2 वर असतो. 2013 मध्ये लिनक्स 3.9 ने एआरएमसाठी केव्हीएम, म्हणजे लिनक्सलाच हायपरव्हायजर बनवणारा भाग, सामावून घेतलं आणि हे सगळं सामान्य लिनक्सच्या हाती आलं.

मेमरीचं उदाहरण घ्या. जुन्या वाड्यात प्रत्येक बिऱ्हाड आपल्या पहिल्या खोलीला ‘खोली 1’ म्हणतं. कोणाची ‘खोली 1’ वाड्यात नेमकी कुठे, हे मालकाच्या वहीत असतं. पाहुणं, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमधलं, कर्नल मेमरीचा पत्ता ठरवतं, तो अशाच दुसऱ्या वहीतून पुन्हा बदलला जातो. हे काम प्रोसेसर स्वतः करतो, म्हणून वेग फारसा पडत नाही. वहीत नोंद नसलेल्या पत्त्यावर हात घातला, तर पाहुण्याला तिथेच थांबवून ताबा हायपरव्हायजरकडे जातो.

खरी अडचण येते इंटरप्टची. नेटवर्कवर डेटा आला, टायमर वाजला, की प्रोसेसरला हाक जाते. ती हाक योग्य पाहुण्यापर्यंत पोचवायला व्हर्च्युअलायझेशन जाणणारा इंटरप्ट कंट्रोलर लागतो. पाय 3 च्या कॉर्टेक्स-ए53 मध्ये ईएल-2 आहे, पण बोर्डावर एआरएमचा प्रमाणित कंट्रोलर, जीआयसी, नाही. त्यामुळे तिथे बरेच वळसे घालावे लागतात. पाय 4 मध्ये जीआयसी-400 आला आणि वाट मोकळी झाली. बोर्ड निवडताना लोक गिगाहर्ट्झ पाहतात. मी आधी हा कंट्रोलर पाहतो.

एक गैरसमज मात्र दूर करायलाच हवा. केव्हीएममुळे एआरएम बोर्डावर इंटेलच्या प्रोसेसरसाठी बनलेली विंडोज वेगात धावत नाही. तिथे क्यूएमू हा दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्राम प्रत्येक सूचनेचं भाषांतर करत बसतो, आणि ते फार हळू होतं. शिवाय दोन्ही बिऱ्हाडांना लिनक्सचं एकच कर्नल चालणार असेल, तर कंटेनर, म्हणजे त्याच कर्नलवरचा वेगळा कप्पा, पुरतो, आणि मेमरीही वाचते.

कर्नलच वेगळं हवं असेल, तेव्हा व्हर्च्युअल मशीनला पर्याय उरत नाही. गाडीत एकाच चिपवर गाणी-नकाशे दाखवणारं लिनक्स आणि ठरल्या क्षणी काम उरकणारी रिअल-टाइम प्रणाली चालवायची असते. लिनक्स कोलमडलं तरी दुसरी चालूच राहिली पाहिजे. सीमेन्सने 2013 मध्ये खुलं केलेलं जेलहाउस हे हायपरव्हायजर सॉफ्टवेअर अशाच कामासाठी आहे. ते प्रोसेसरचे कोर, म्हणजे त्यातले स्वतंत्रपणे काम करणारे भाग, वाटून देतं. एकाचा कोर दुसऱ्याला कधीच मिळत नाही. कॅश (प्रोसेसरजवळची वेगवान मेमरी) आणि मेमरीचा रस्ता मात्र सामाईकच राहतो, आणि शेजाऱ्याची वर्दळ वाढली की वेळेचं गणित तिथे बिघडतं.

पाय 5 वर सुरुवातीची ती ओळ बदलली आहे: ‘हाइप’च्या जागी ‘व्हीएचई’, म्हणजे यजमान लिनक्सलाच ईएल-2 वर बसवणारी सोय. पाय 4 वर यजमान लिनक्स ईएल-1 वर राहतं, म्हणून पाहुण्याकडून परतताना दर वेळी ईएल-2 वरून खाली उतरावं लागतं. पाय 5 च्या कॉर्टेक्स-ए76 मध्ये लिनक्स थेट ईएल-2 वरच राहतं, आणि ही चढउतार वाचते.