गीतांद्वारे इंग्रजी उच्चारशिक्षण

इंग्रजी परभाषा म्हणून शिकणाऱ्यांचे उच्चार सुधारण्यासाठी गाणी किंवा तालबद्ध पठण वापरण्याची पद्धत. बालवर्गातील वर्णमालेचे गाणे हा तिचा सर्वपरिचित नमुना. ते १८३५ मध्ये बॉस्टन येथे चार्ल्स ब्रॅडली यांच्या नावे नोंदले गेले. चाल मात्र त्याहून जुनी, फ्रेंच असून १७६१ च्या सुमारास छापून आलेली दिसते. शेवटचे यमक अमेरिकी ‘झी’वर बेतलेले असल्याने आपल्याकडे ‘झेड’ म्हणताच ते मोडते. ‘एल-एम-एन-ओ’ दुप्पट लयीत येतात, त्यामुळे पुष्कळ मुलांना ते एकच अक्षर वाटते.

प्रौढांच्या वर्गात ही पद्धत रुजवण्याचे श्रेय सामान्यतः अमेरिकी शिक्षिका कॅरोलिन ग्रॅहम यांच्या ‘जॅझ चँट्स’ या पुस्तकाला (१९७८) देतात. त्यात रोजची वाक्ये चाल न लावता केवळ ठेक्यावर म्हणतात.

ठेक्यावरील या भराचे मूळ एका वादग्रस्त सिद्धांतात आहे. भाषाशास्त्रज्ञ केनेथ पाइक यांनी १९४५ मध्ये आघातनियमित (आघात म्हणजे उच्चारातला जोर) आणि अवयवनियमित (अवयव म्हणजे एका स्वराभोवतीचा उच्चारखंड, ‘सिलॅबल’) लय असा भेद केला. इंग्रजीत दोन आघातांमधील काळ समान असतो, असे त्यानुसार मानले गेले. डेव्हिड अ‍ॅबरक्रॉम्बी यांनी १९६७ मध्ये जगातील सर्व भाषा या दोन गटांत बसवल्या. पीटर रोच यांनी १९८२ मध्ये तेलुगूसह सहा भाषांचे मोजमाप केले, तेव्हा इंग्रजीतील आघातांची अंतरे काही विशेष समान निघाली नाहीत. लयीचा भास अवयवांच्या घडणीमुळे आणि आघातहीन स्वर आखडल्यामुळे होतो, हे रेबेका डाउअर यांचे मत (१९८३) अधिक ग्राह्य वाटते.

मराठी भाषकाची अडचणही आखडण्याचीच आहे. ‘फोटोग्राफी’तला प्रत्येक स्वर आपण पुरता म्हणतो, इंग्रजीत आघात दुसऱ्या अवयवावर सरकून ‘फटॉग्रफी’ होते. ‘कप ऑफ टी’ सहज बोलण्यात ‘कपअटी’ होते, म्हणजे जवळजवळ ‘कपटी’च. असे जोडउच्चार ठेक्यात चटकन बसतात. ‘व’चे दोन इंग्रजी उच्चार (v आणि w) वेगळे काढण्यास मात्र ठेका उपयोगी पडत नाही, तिथे ओठांकडेच पाहावे लागते.

चालीचे गाणे स्वर आखडण्याबाबत दुधारी ठरते, कारण आघातहीन अवयवही लांब सुरावर ताणला जाऊ शकतो. एडिंबरा येथील एका प्रयोगात (प्रसिद्धी २०१४) हंगेरियन वाक्ये गाऊन शिकलेल्यांना ती अधिक आठवली. पण तो पुरावा मुख्यतः स्मरणाचा आहे, उच्चाराचा नव्हे. गायकाचा उच्चार त्याच्या बोलण्यातला असेलच असेही नाही : ब्रिटिश पॉप गायक गाताना अमेरिकी वळण घेतात, हे भाषाशास्त्रज्ञ पीटर ट्रडगिल यांनी १९८३ मध्ये दाखवले आहे.