दाताच्या डॉक्टरांकडे जाताना: स्नायू सोडायचे की आवळायचे?

रूट कॅनालच्या आधी हातपाय गार पडलेल्या माणसाला घरातले सगळे एकच सांगतात, ‘घाबरू नकोस, अंग सैल सोड.’ बहुतेकांना ते लागूही पडतं. काहींना मात्र त्याचा उलटा त्रास होतो. भीतीने छाती धडधडणं वेगळं आणि सुई दिसताच डोळ्यांपुढे अंधारी येणं वेगळं.

छाती धडधडते तेव्हा नाडी आणि रक्तदाब दोन्ही चढलेले असतात, श्वास वरवरचा होतो. इथे सैल सोडणं हाच उपाय. पुण्यात शवासन कोणाला शिकवावं लागत नाही; शिवाजीनगरला अय्यंगारांची संस्था १९७५ पासून आहे आणि योगवर्ग तर गल्लोगल्ली. त्याचाच एक भाऊबंद अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी रूढ केला: पायापासून सुरुवात करून एकेक स्नायू पाचेक सेकंद आवळायचा, मग सोडून द्यायचा आणि तो ढिला पडताना लक्ष तिथेच ठेवायचं. सोबत श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा. वेटिंगमध्ये बसल्या बसल्या हे जमतं, शेजारच्या काकूंना कळतही नाही.

सुईने किंवा रक्ताने चक्कर येणाऱ्यांचं गणित निराळं. त्यांचा रक्तदाब आधी थोडा चढतो आणि मग एकदम कोसळतो, नाडीही मंदावते. चेहरा पांढराफटक, घाम, मळमळ. रक्त पायांत साठून मेंदूकडे कमी जात असताना अंग आणखी ढिलं करून काय मिळणार? अशांसाठी स्वीडिश मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी १९८०च्या दशकात उलटी पद्धत मांडली. दंड, छाती, पोट, मांड्या एकदम आवळायच्या, चेहऱ्यावर ऊब जाणवेपर्यंत, साधारण १०-१५ सेकंद. मग नेहमीइतकंच सोडायचं, पूर्ण ढिलं नाही. २०-३० सेकंद थांबून पुन्हा, असं पाचेक वेळा.

गोंधळ इथेच होतो, कारण आवळणं दोन्हीकडे आहे. जेकबसनच्या पद्धतीत आवळणं ही नुसती तयारी, औषध म्हणजे सोडणं. ओस्टच्या पद्धतीत आवळणं हेच औषध.

तुम्ही कुठल्या गटातले, हे ओळखायला पूर्वीची रक्ततपासणी आठवा. तेव्हा भोवळ आली होती का? आली असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. ते खुर्ची आडवी करून इंजेक्शन देतात, म्हणजे निम्मं काम होतं. आवळण्याचा सराव घरी आधी करून बघा, पण रक्तदाबाचा त्रास असेल किंवा गरोदर असाल तर विचारूनच. इंजेक्शन दंडात असेल तर तो हात मोकळा ठेवा, आणि जबडा तर ठेवाच.

आणखी एक. भुलीच्या इंजेक्शनमध्ये बऱ्याचदा ॲड्रिनलिन असतं. त्याने मिनिट-दोन मिनिटं छाती धडधडते, ती भीती नव्हे. गुंगीचं औषध देणार नसतील तर रिकाम्या पोटी जाऊ नका. काम झाल्यावर खुर्चीतून तडक उठू नका आणि स्कूटरला किक मारायच्या आधी बाहेर जरा बसा.