परदेशी पाहुण्याची नोंद, हरवलेला पासपोर्ट आणि एक्झिट परमिट

अंबाबाईच्या दर्शनाला किंवा पन्हाळा पाहायला आलेला परदेशी पाहुणा उतरवून घेताना पासपोर्टची झेरॉक्स काढून ठेवली की आपले काम संपले, असा समज आपल्याकडे अजूनही आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून विदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा लागू झाला असून १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालचे चार कायदे त्याने रद्द केले आहेत. त्यामुळे हा समज आता महागात पडू शकतो.

हॉटेल, लॉज, धर्मशाळा, होमस्टे, वसतिगृह किंवा खासगी घर, यांपैकी कोठेही विदेशी नागरिक उतरला, तर जागा देणाऱ्याने त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन भरावी लागते. पूर्वीपासून ‘सी-फॉर्म’ म्हणून ओळखला जाणारा अर्ज तो हाच. त्यासाठी पासपोर्ट आणि व्हिसाचा तपशील, छायाचित्र व भारतात आल्याची तारीख लागते. विमानतळावरचा शिक्का नीट वाचावा, कारण व्हिसाची मुदत आणि सलग राहण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक घोळ नेमका येथेच होतो. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याने किंवा नोकरदाराने साधारणपणे आगमनापासून १४ दिवसांत स्वतःची नोंदणीही करायची असते. जिल्ह्यात विदेशी नोंदणी अधिकारी म्हणून पोलीस अधीक्षक काम पाहतात, अर्ज मात्र ई-एफआरआरओ या विदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर करायचा असतो.

पासपोर्ट हरवल्यास आधी पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी, मग आपल्या देशाच्या दूतावासाकडून नवा पासपोर्ट किंवा तात्पुरते प्रवासपत्र मिळवावे आणि त्यानंतरच एक्झिट परमिटसाठी, म्हणजे भारत सोडून जाण्याच्या परवानगीसाठी, अर्ज करावा. सोबत तक्रारीची प्रत, जुन्या पासपोर्ट-व्हिसाची प्रत, छायाचित्र आणि राहत्या जागेचा पुरावा जोडावा लागतो. यजमानाने सी-फॉर्म भरलेला नसेल, तर हा शेवटचा पुरावा देताना पाहुण्याचीच पंचाईत होते.

मुदत उलटून राहिल्यास ३ वर्षांपर्यंत कैद, ३ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय प्रवेश केल्यास हीच मर्यादा ५ वर्षे आणि ५ लाख आहे. बनावट पासपोर्ट किंवा व्हिसा वापरणाऱ्याला, तसाच तो पुरवणाऱ्यालाही किमान २ आणि कमाल ७ वर्षे कैद व १ ते १० लाख रुपये दंड सांगितला आहे. हद्दपारीची कारवाई याहून वेगळी असते. आपण विदेशी नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी जुन्या कायद्याप्रमाणेच संबंधित व्यक्तीवर आहे.

येथील हॉटेलांत काम करणाऱ्या नेपाळी कामगारांना मात्र घाबरवू नये. जमीन किंवा हवाई मार्गाने नेपाळ-भारत सीमा ओलांडून आलेल्या नेपाळी नागरिकाला पासपोर्ट-व्हिसाच्या अटीतून सूट आहे. ओळखपत्र तेवढे जवळ असावे.