वीस बाइटांचा बॅकअप

मे महिन्यात बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून सकाळी साडेसातला फोन आला. तिथल्या पतसंस्थेचं संगणकाचं काम मी लातूरहून बघतो. "सर, मशीन काही उठंना गेलंय. रात्री लाइट तीनदा गेली न् आली." वळवाचा पाऊस झाला होता. इन्व्हर्टरची बॅटरी जुनी होती आणि शेवटच्या झटक्यात डिस्क बसली. मला फारशी काळजी वाटली नाही, कारण रोज रात्री अकराला डेटाबेसचा बॅकअप शेजारच्या दुसऱ्या मशीनवर जात होता. नोंदवहीची फाइल उघडली, तर रोजच्या तारखेपुढे एकच ओळ: बॅकअप यशस्वी.

मग बॅकअपच्या फोल्डरमधल्या फाइलींची यादी काढली. शेवटच्या तेवीस दिवसांच्या तेवीस फाइली होत्या, नावं बरोबर, तारखा बरोबर. आकाराच्या रकान्यात मात्र वरपासून खालपर्यंत एकच आकडा होता: २०. वीस एमबी नव्हे, वीस केबीही नव्हे. वीस बाइट. देवनागरीतलं एक अक्षर साठवायला तीन बाइट लागतात, म्हणजे या लेखाचं शीर्षकसुद्धा त्या फाइलीत मावलं नसतं.

"बॅकअप आपोआप होतो" हे वाक्य मी पतसंस्थांत, दवाखान्यांत, आडत दुकानांत, शाळांत रोज ऐकतो. आपोआप काहीच होत नाही. कुणीतरी लिहिलेली दहा-पंधरा ओळींची एक स्क्रिप्ट ते काम करत असते, आणि ती स्क्रिप्ट काय बघते नि काय बघत नाही यावर सगळं अवलंबून असतं.

डेटाबेस सांभाळणारी मूळ अवजारं कमांड लाइनवर चालतात. पोस्टग्रेसचं पीजी-डंप, मायएसक्यूएलचं मायएसक्यूएल-डंप, ओरॅकलचं एसक्यूएल-प्लस. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप केली की काम होतं. पण रोज रात्री अकराला जागून तीच आज्ञा कोण टाइप करणार? म्हणून त्या अवजाराभोवती आणखी एक छोटा प्रोग्राम गुंडाळतात. त्याला रॅपर म्हणतात. आज्ञांची यादी फाइलीत लिहून ठेवायची आणि ती फाइल चालवायची, ही कल्पना जुनी आहे. १९६०च्या दशकात एमआयटीत लुई पूझां या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने त्यासाठी 'रनकॉम' नावाचं साधन लिहिलं, आणि टाइप केलेल्या आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामसाठीचा 'शेल' हा शब्दही त्याचाच. आजच्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधल्या कित्येक फाइलींच्या नावाअखेरीस 'आरसी' ही दोन अक्षरं दिसतात, ती या रनकॉमचीच खूण.

आपल्याकडच्या माणसाला रॅपर समजावायचा तर मी मुकादमाचं उदाहरण देतो. दिवाळीच्या आगेमागे बीडमधून टोळ्या ऊसतोडीला निघतात. ऊस तोडतात कोयते; नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम कोयते गोळा करतो, कुठल्या फडात जायचं ते सांगतो, संध्याकाळी किती तोड झाली ते विचारतो आणि कारखान्याला कळवतो. रॅपरही तेवढंच करतो: अवजाराला हाक मारायची, पासवर्ड कुठे आहे ते दाखवायचं, काम झालं का विचारायचं, वर कळवायचं. यातलं "झालं का?" हे विचारणं दिसायला सर्वात सोपं आहे आणि सगळा घोळ तिथेच होतो.

युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या, आणि तिच्याच वळणावरच्या लिनक्सच्या, जगात प्रत्येक प्रोग्राम संपताना मागे एक आकडा ठेवतो. त्याला एक्झिट कोड म्हणतात. ० म्हणजे काम झालं, दुसरा कुठलाही आकडा म्हणजे बिघडलं. शून्याला यश म्हणणं पहिल्यांदा उलटं वाटतं, पण त्यामागे विचार आहे. काम नीट होण्याचा प्रकार एकच असतो, बिघडण्याचे शंभर. पासवर्ड चुकला, डिस्क भरली, नेटवर्क तुटलं. प्रत्येकाला वेगळा आकडा देता यावा म्हणून यशाला एकच जागा आणि बाकी सगळे आकडे अपयशाला.

आता पाइप. १९७३ साली डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून केन थॉम्प्सन यांनी युनिक्समध्ये पाइप आणला. एका प्रोग्राममधून बाहेर पडणारा मजकूर थेट दुसऱ्याच्या तोंडात सोडायचा. आमच्या पतसंस्थेची आज्ञा अशीच होती: पीजी-डंपने डेटाबेसमधून माहिती काढायची, पाइपमधून जीझिपला द्यायची, जीझिपने ती दाबून लहान करून फाइलीत ठेवायची. आणि शेलचा मूळचा नियम असा, की अख्ख्या पाइपचा एक्झिट कोड म्हणजे शेवटच्या प्रोग्रामचा एक्झिट कोड.

जायकवाडीच्या कालव्यावर टेलला, म्हणजे अगदी शेवटाला, बसलेल्या माणसाला विचारा, "तुझं काम झालं का?" तो म्हणेल, "हो, मी रात्रभर दार उघडून बसलो होतो." खरंच बसला होता, त्याची काही चूक नाही. वरून पाणी आलं का, हे त्याला कुणी विचारलेलंच नाही. आमच्याकडे ऑडिटच्या सांगण्यावरून डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता, पण स्क्रिप्ट जिथून पासवर्ड वाचते त्या फाइलीत जुनाच राहिला. पीजी-डंपला सर्व्हरने दारातूनच परत पाठवलं. त्याने १ हा आकडा ठेवला, चूक काय ती स्पष्ट लिहिलीही; पण स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने चुकांचे संदेश डेव्ह-नलमध्ये, म्हणजे जिथून काही परत येत नाही अशा खड्ड्यात, सोडले होते. जीझिपला काहीच मिळालं नाही. त्याने त्या काहीच-नाहीला नीट दाबलं, फाइल बंद केली आणि ० ठेवला. स्क्रिप्टने ० बघून लिहिलं: बॅकअप यशस्वी.

त्या वीस बाइटांत काय असतं हे मी नंतर एकेक बाइट उघडून पाहिलं. पहिले दहा बाइट म्हणजे डोकं. त्यातले पहिले दोन ३१ आणि १३९, म्हणजे "मी जीझिपची फाइल आहे" ही ओळख. पुढचे दोन बाइट दाबलेल्या मजकुराचे: ३ आणि ०, अर्थ एवढाच की "मजकूर संपला". शेवटचे आठ बाइट पडताळणीचे, चार तपासबेरजेचे आणि चार मूळ लांबीचे. मूळ लांबी शून्य, तपासबेरीज शून्य, म्हणून आठही बाइट शून्य. जीझिपची स्वतःची तपासणी या फाइलीवर चालवली तर ती बिनतक्रार पास होते, कारण रिकामी असली तरी फाइल निर्दोष आहे.

यावर उपाय एका ओळीचा आहे. बॅश या शेलमध्ये स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'पाइपफेल' चालू करायचं. मग पाइपमधला कुणीही पडला की सगळ्या पाइपचा कोड अपयशाचा होतो. २००४ मध्ये आलेल्या बॅश ३.० पासून ही सोय आहे, आणि युनिक्सच्या पॉझिक्स मानकात ती २०२४ मध्ये दाखल झाली.

एक्झिट कोडची आणखी एक खोड सांगतो, ती मला फार आवडते. हा आकडा फक्त ० ते २५५ इतकाच असतो. युनिक्स ज्या पीडीपी-११ यंत्रावर वाढलं, त्याचा एक 'शब्द', म्हणजे यंत्र एका वेळी हाताळतं तेवढी माहिती, १६ बिटांचा होता. संपलेल्या प्रोग्रामची खबर एकाच शब्दात बसवायची म्हणून वरचे ८ बिट एक्झिट कोडला दिले आणि खालचे ८ बिट तो प्रोग्राम बाहेरून मारला गेला का, हे सांगायला ठेवले. आठ बिटांत २५६ आकडे मावतात. २५५ हून मोठा आकडा दिला तर २५६ ने भागून उरलेली बाकी तेवढी राहते. घड्याळाला पंचवीस वाजले म्हणून सांगितलं तर ते एकच दाखवेल, तसं.

आता ओरॅकलकडे बघा. तिथे प्रत्येक चुकीला क्रमांक असतो, आणि चूक झाली की तोच क्रमांक एक्झिट कोड म्हणून बाहेर पाठव असं एसक्यूएल-प्लसला सांगता येतं. चूक ९४२, म्हणजे असं टेबलच नाही: ९४२ ला २५६ ने भागून बाकी १७४. शून्य नाही, ठीक. चूक १५३६, म्हणजे टेबलस्पेसमधला (टेबलं साठवायच्या जागेतला) ठरलेला कोटा संपला. २५६ सक १५३६. बाकी शून्य! जागा संपली म्हणून नोंदी आत गेल्या नाहीत, आणि लिनक्सवरच्या रॅपरला निरोप मिळाला की सगळं छान झालं. म्हणून तिथे चुकीचा क्रमांक पाठवू नये, सरळ 'फेल्युअर' पाठवावं. त्याचा १ होतो.

पोस्टग्रेसचं आज्ञा चालवणारं अवजार पीएसक्यूएलही या बाबतीत भोळं आहे. त्याला आज्ञांची फाइल दिली आणि मध्येच एखादी आज्ञा पडली, तर ते पुढच्या आज्ञेला लागतं आणि शेवटी ० ठेवतं. 'ऑन-एरर-स्टॉप' चालू केलं तरच ते थांबतं आणि ३ ठेवतं.

ही फक्त गावाकडची गोष्ट नाही. गिटलॅब या प्रोग्रामांचा कोड साठवणाऱ्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या सेवेत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याच्या हातून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसली गेली. बॅकअप बघायला गेले तर जागा रिकामी. सर्व्हर पोस्टग्रेस ९.६चा, पण पीजी-डंप ९.२चं चालत होतं, म्हणून ते रोज पडत होतं. ते पडल्याचे ईमेलही जात होते, पण डिजिटल सहीच्या नियमात न बसल्याने मेल सर्व्हर ते नाकारत होता. एकाने सहा तासांपूर्वी दुसऱ्या कामासाठी हाताने घेतलेली प्रत होती म्हणून तेवढ्यावर निभावलं. कंपनीने हे सगळं जाहीरपणे लिहिलं, त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

आमच्याकडे त्या तेवीस दिवसांच्या आधीची शेवटची खरी फाइल होती. पुढचं सगळं व्हाउचरवरून आणि पिग्मी एजंटांच्या पुस्तकांवरून पुन्हा भरलं. तिघांना चार दिवस लागले. पाचव्या दिवशी गेलो तर नव्या मशीनवर लिंबू-मिरची टांगलेली. ज्याने टांगली त्याची तळमळ मला कळत होती, तोही चार रात्री झोपला नव्हता. तरी मी ती काढायला लावली. मशीनला दृष्ट लागली असं एकदा मानलं की पासवर्डची फाइल कुणी उघडून बघत नाही. 'आता सगळं एआय सांभाळेल' असं विकायला येणाऱ्यालाही मी एवढंच विचारतो, की त्याची यंत्रणा बॅकअप परत चढवून बघते का?

नवी स्क्रिप्ट साठ ओळींची आहे. पाइपफेल चालू आहे आणि चुकांचे संदेश फाइलीत जातात. क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम, अवजारं मोजक्याच फोल्डरांत शोधतो, म्हणून प्रत्येक अवजाराचा पूर्ण पत्ता लिहिला आहे. पासवर्ड आज्ञेत लिहीत नाही, कारण चालू प्रोग्रामांच्या यादीत तो कुणालाही दिसू शकतो. तो वेगळ्या फाइलीत आहे, आणि ती फाइल मालकाखेरीज इतरांना वाचता आली तर पोस्टग्रेसची अवजारं तिच्याकडे बघतच नाहीत. डंपच्या शेवटी पोस्टग्रेस स्वतः 'डंप पूर्ण' अशी ओळ लिहितं, ती आहे का हेही बघतो. त्यानंतरचं काम मी सर्वात महत्त्वाचं मानतो: तीच फाइल रोज रात्री एका चाचणीच्या डेटाबेसमध्ये परत चढवायची, खात्यांच्या टेबलातल्या नोंदी मोजायच्या आणि तो आकडा शाखा व्यवस्थापकांच्या मोबाइलवर पाठवायचा. 'यशस्वी' हा शब्द मी स्क्रिप्टमधून काढून टाकला आहे.

व्यवस्थापक साठीला आलेले आहेत, कमांड लाइनशी त्यांचा संबंध नाही. पण आपल्या संस्थेत खाती किती, हे त्यांना पाठ आहे. ऑगस्टमध्ये एका सोमवारी सकाळी त्यांचा फोन आला: "सर, आज आकडा नाही आला." बॅकअपच्या मशीनची डिस्क भरली होती. जुन्या फाइली हलवल्या, स्क्रिप्ट हाताने चालवली, आणि दहाला काउंटर उघडायच्या आत आकडा त्यांच्या मोबाइलवर गेला.