तारीख झाकणाची की गोळ्याची? मिल्स बॉम्बची पार्श्वभूमी

जुने निकामी हातगोळे जमवायला लागलेला माणूस पहिल्यांदा हातात घेतो तो बहुतेक वेळा अननसासारखा दिसणारा बिडाचा गोळाच, म्हणजे मिल्स बॉम्ब, आणि पहिला प्रश्न ठरलेला, हा कुठल्या सालचा? वरून बघून काही कळत नाही, गोळा उलटा करावा लागतो.

पण आधी हा गोळा आला कुठून ते बघू. 1914 ला महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिशांकडे 'नंबर 1' नावाचा लांब दांडीचा ग्रेनेड होता, तो आपटला की फुटायचा, आणि खंदकात फेकायला हात मागे नेला की दांडी मागच्या भिंतीवर आपटायची, पुढचं सांगायला नको. मग पोरं जॅमच्या डब्यांत स्फोटक आणि लोखंडाचे तुकडे भरून काम भागवायला लागली. त्यानंतर 'क्रिकेट बॉल' आला, नंबर 15, काडेपेटीसारखा घासून पेटवायचा, आणि सप्टेंबर 1915 ला फ्रान्समधल्या लूसच्या लढाईत पावसाने तो पेटेचना.

त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या विल्यम मिल्सचा 'नंबर 5' आला. हा माणूस ॲल्युमिनियम ओतकामातला, गोल्फ क्लबसुद्धा बनवायचा. मूळ कल्पना बेल्जियन अधिकारी लिओन रोलांची होती आणि त्यावरून भांडणंही झाली, पण नाव मिल्सचंच चिकटलं. पिन काढली तरी लिव्हर हातात दाबून धरलेला असेपर्यंत काही होत नाही, ही त्यातली खरी सोय. अंगावरच्या चौकोनी खाचा तुकडे नीट उडावेत म्हणून असतात असं सगळेच सांगतात, मिल्सच्या नोंदींत मात्र त्या पकड बसावी म्हणून आहेत! महायुद्ध संपेपर्यंत असे 7 कोटींच्या वर गोळे बनले, म्हणून तर आजही ते सापडतात.

आता बूड. तिथे एक स्क्रूचं झाकण असतं, बेस प्लग म्हणतात, त्यावर मॉडेल नंबर, कारखान्याचं नाव आणि बऱ्याचदा महिना-साल असतं. नंबर 5 हाताने फेकायचा. नंबर 23 ला खाली रॉड लावून तो रायफलीतून उडवायचे, म्हणून त्याच्या झाकणाला मधोमध आट्यांचं भोक. 1918 च्या नंबर 36 ला रॉडऐवजी गोल चकती लावून रायफलीच्या तोंडावरच्या कपातून उडवायचे. म्हणजे मधे आट्यांचं भोक दिसलं की ते 5 नंबरचं झाकण नाही, एवढं पक्कं. धातूही बघा, जस्ताच्या मिश्रधातूचं झाकण असेल तर ते बहुधा दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं.

गोची इथेच आहे, झाकण फिरवून निघतं आणि दुसरं बसतं. एका मित्राने 1916 चा म्हणून घेतलेला गोळा मला दाखवला, झाकण ॲल्युमिनियमचं, त्यावर नंबर 5 आणि साल अगदी स्वच्छ, पण ते अर्धा मिलिमीटर वर राहिलेलं आणि आट्यांत डुगडुगत होतं. वर बिडाच्या गंजाखाली पांढऱ्या रंगाच्या कपच्या आणि अंगाला ड्रिलने पाडलेली भोकं. म्हणजे बॉडी ट्रेनिंगच्या गोळ्याची. झाकण 1916 चं खरं, गोळा कधीचा ते देवाला ठाऊक. मित्राचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

रंगाचंही तसंच. भरलेल्या गोळ्याला वरच्या बाजूला लाल पट्टा असायचा, पण रंग काय कोणीही काल लावू शकतो. आणि लाल पट्टा नाही म्हणजे गोळा रिकामा असं अजिबात समजू नका. फ्रान्स-बेल्जियमच्या शेतांत नांगरताना आजही जिवंत गोळे निघतात. शेतात किंवा भंगारात मिळालेल्याला हात न लावता पोलिसांना कळवायचं, झाकण फिरवून बघायचं तर मुळीच नाही. आपल्याकडे शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत ग्रेनेड आहेच, त्यामुळे निकामी असला तरी घेण्याआधी चौकशी करा, आणि विमानाच्या बॅगेत तर चुकूनही टाकू नका.

36 ला 'एम' लागलं की मराठी माणसाने जरा थांबावं. एम म्हणजे मेसोपोटेमिया, आजचा इराक, तिथल्या हवामानासाठी लाखेने सील केलेला गोळा. याच आघाडीवर 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी लढल्या, आणि पुण्याच्या नावाची 6वी डिव्हिजन कुटच्या वेढ्यात अडकून एप्रिल 1916 ला शरण गेली, तेव्हा हा एम गोळा अजून आलाही नव्हता.

ब्रिटिशांनी 36एम 1972 च्या सुमारास काढून टाकला. आपल्या फौजेत मात्र 36 चालूच राहिला, आणि त्याच्या जागी आलेल्या नव्या मल्टी-मोड (हल्ला आणि बचाव दोन्हींसाठी चालणाऱ्या) ग्रेनेडची पहिली खेप लष्कराच्या हवाली झाली ती ऑगस्ट 2021 ला, नागपुरात.